साभार परत



आपल्या समाजात लिहिणाऱ्यांची संख्या वाढत आहे, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. ज्या घरात दोन-तीन पिढ्यांपूर्वी अंगठा उठविण्यापलीकडे कागदाशी संबंध येत नव्हता, त्या घरातील मुलगा आज कथा लिहितो, मुलगी कविता लिहिते, सून आपल्या माहेरच्या वस्तीची हकीगत लिहून दिवाळी अंकाकडे पाठविते. परंतु या आनंदाच्या पाठोपाठ एक नवे दुःखही आपला उंबरठा ओलांडून आत आले आहे, आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. ते दुःख नकाराचे होय. मनापासून लिहिलेले परत येते. पूर्वी ते टपालाने, ‘साभार परत’ या दोन शब्दांच्या चिठ्ठीसह येत असे. आता ई-मेलने दोन ओळी येतात, आणि पुष्कळदा तेवढेही उत्तर येत नाही.

नकार कोणत्याही लेखकास चुकलेला नाही, हे खरे. परंतु तो इतरांच्या घरी जसा येतो तसा आपल्या घरी येत नाही. आपल्या वाडवडिलांना पाणवठ्यावर नकार मिळाला, देवळाच्या पायरीवर मिळाला, शाळेच्या वर्गात बसण्यास मिळाला, भाड्याच्या खोलीसाठी तर आजही मिळतो. शेकडो वर्षांच्या नकारांचा हा ढीग आपल्या मनात साठलेला आहे. त्यामुळे संपादकाची एक लहानशी चिठ्ठी आली की ती चिठ्ठी म्हणून राहत नाही. ती त्या ढिगावर जाऊन पडते. वडील म्हणतात, “आपल्या लोकांचं कोण छापणार?” आई म्हणते, “बाळा, नोकरीचं बघ.” आणि ज्या हाताने काल लेखणी धरली होती तो हात ती खाली ठेवतो.

माझे म्हणणे असे की, ही लेखणी खाली ठेवली जाणे हा एका व्यक्तीच्या हिरमोडाचा प्रश्न नाही. तो धम्मदीक्षेचा प्रश्न आहे. दीक्षेच्या दिवशी आपण देव सोडले, व्रतवैकल्ये सोडली, श्राद्धपक्ष सोडला. पण ‘आपण नाकारले जाण्यासाठीच जन्मलो आहोत’ हा हिंदू समाजरचनेने मनात रुजविलेला समज तसाच राहिला, तर आपण घराच्या भिंतीवरची चित्रे बदलली एवढेच म्हणावे लागेल. म्हणून नकार कसा ओळखावा, कसा वाचावा आणि कसा पचवावा, याचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे.

हक्काचा नकार आणि निवडीचा नकार

पहिली गोष्ट अशी की, सर्व नकार एका जातीचे नसतात. मी व्यवसायाने वकील आहे, आणि हा भेद माझ्या व्यवसायात रोज करावा लागतो.

जे आपल्या हक्काचे आहे ते कोणी नाकारले तर तो अन्याय होय. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक विहिरी, तलाव आणि रस्ते यांचा वापर करण्यास जातीच्या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. त्याच्या पाठीशी १९५५ चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम आहे आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या प्रतिबंधाचा १९८९ चा अधिनियम आहे. अशा ठिकाणी नकार मिळाला तर तो पचवू नये; त्याविरुद्ध तक्रार करावी, साक्षीपुरावे गोळा करावेत आणि लढावे. तेथे सहनशीलता हा सद्गुण नव्हे.

परंतु कथा किंवा कविता छापून येणे हा या अर्थाने हक्क नाही. अनुच्छेद १९ ने आपणास अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. आपण लिहावे, बोलावे, छापावे, वाटावे. पण दुसऱ्याने आपल्या खर्चाने, आपल्या अंकात ते छापलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ होत नाही. काय छापावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य संपादकालाही तितकेच आहे. त्याचा नकार हा निवडीचा नकार होय. तो चुकीचा असू शकतो, संकुचित दृष्टीचा असू शकतो, क्वचित आकसाचाही असू शकतो. परंतु विहिरीवरच्या नकाराशी त्याची गल्लत करून चालणार नाही. ही गल्लत झाली की दोन्हीकडून नुकसान होते. जेथे लढावयाचे तेथे आपण थकून गेलेले असतो, आणि जेथे पुन्हा लिहावयाचे तेथे लढावयास उभे राहतो.

मागे एक गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. त्यांच्या मुलाची कथा एका नियतकालिकाने परत पाठविली होती. “वकीलसाहेब, नोटीस काढा,” असा त्यांचा आग्रह होता. मी ती कथा आणि सोबतचे पत्र मागून घेतले. कथा सुमारे साडेबारा हजार शब्दांची होती. पत्रात एकच ओळ होती : आमच्या अंकाची मर्यादा तीन हजार शब्दांची आहे. ती ओळ त्या गृहस्थांनी वाचलेली नव्हती. पाकीट परत आले एवढेच त्यांनी पाहिले आणि जे जन्मभर सोसले ते सर्व त्या पाकिटात त्यांना दिसले. त्यांच्या संतापास मी हसलो नाही. तो संताप कोठून येतो हे मला ठाऊक आहे. परंतु नोटीसही काढली नाही. मुलास बोलावून त्या कथेतील कोणते तीन हजार शब्द सोडून चालणारच नाही, हे शोधावयास सांगितले.

दिवाणी कायद्यातील एक शहाणपण

नकार वाचण्याची एक चांगली रीत मला १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत सापडते. तिच्या सातव्या आदेशात वादपत्राविषयी नियम आहेत. वाचकांनी कंटाळू नये. गोष्ट सोपी आहे.

नियम १० असा की, दावा चुकीच्या न्यायालयात दाखल झाला असेल तर न्यायालय वादपत्र परत करते. कशासाठी? योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी. दावा खोटा आहे असे न्यायाधीश म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की, याचा निवाडा करण्याचे ठिकाण हे नव्हे. नियम ११ मध्ये वादपत्र नामंजूर करण्याची कारणे दिली आहेत : दाव्याला कारणच दाखविलेले नाही, मुद्रांक कमी लावला आहे आणि तो मुदतीत पुरा केला नाही, किंवा कायद्यानेच तो दावा वर्ज्य आहे, इत्यादी. आणि त्यानंतर नियम १३ येतो. तो सांगतो की, अशा कारणांनी वादपत्र नामंजूर झाले, एवढ्यावरून त्याच कारणासाठी नवे वादपत्र दाखल करण्यास वादीला मनाई होत नाही. दोष दूर करा, मुदत पाहा आणि पुन्हा या.

आता आपला परत आलेला लेख घ्या. तो नियम १० खाली परत आला आहे काय? म्हणजे शेतीविषयक मासिकाकडे प्रेमकथा, किंवा केवळ वैचारिक लेख छापणाऱ्या पाक्षिकाकडे दीर्घ कविता आपण पाठविली काय? आपल्यातील पुष्कळ होतकरू लेखक ज्या अंकाकडे लेखन पाठवितात तो अंक एकदाही वाचीत नाहीत. पत्त्यांची यादी मिळाली की ती खाली उतरवून सर्वांना पाठवितात. असा नकार हा लेखनाचा नकारच नव्हे; पत्ता चुकला इतकेच. की तो नियम ११ खालचा आहे? मुद्रांक कमी पडला, म्हणजे शुद्धलेखन तपासले नाही, मजकूर दुसऱ्यांदा वाचला नाही, शेवट घाईने उरकला? तसे असेल तर ते दुरुस्त होण्यासारखे आहे. एक फरक मात्र लक्षात ठेवा. वादपत्र नामंजूर करताना न्यायाधीशास कारणे नोंदवावी लागतात. संपादकावर तसे बंधन नाही. त्याच्या टेबलावर शेकडो हस्तलिखिते असतात. म्हणून त्याने कारण दिले नाही तर आपल्या मनाने वाईटात वाईट कारण कल्पू नये. आणि कारण दिलेच, तर ते दोनदा वाचावे. कारण ते लिहिण्यासाठी त्याने आपला वेळ खर्च केला आहे.

१९२३ आणि १९३६

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक; पण म्हणजे संपादक सांगेल तसे वाकावे काय? या प्रश्नाचे उत्तर परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रात आहे, आणि ते दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचल्याशिवाय पुरते कळत नाही.

पहिला प्रसंग लंडनचा. १९२० साली स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर बाबासाहेब अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा विलायतेस गेले. १९२२ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध डी. एस्सी. पदवीसाठी लंडन विद्यापीठास सादर केला. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणाचे त्यात कठोर परीक्षण होते. परीक्षकांनी तो होता त्या स्वरूपात स्वीकारला नाही. फेरलेखन करावयास सांगितले. पैसा संपत आलेला, घरी संसार वाट पाहत असलेला, आणि हाती काय, तर परत आलेला प्रबंध! १९२३ साली ते मुंबईस परतले, त्याच वर्षी त्यांनी वकिली सुरू केली, आणि त्या ओढाताणीतच प्रबंध पुन्हा लिहून लंडनला पाठविला. आपले निष्कर्ष त्यांनी कायम ठेवले, असे चरित्रकार सांगतात. वर्ष संपण्यापूर्वी प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली आणि लंडनच्याच एका प्रकाशनसंस्थेने तो ग्रंथरूपाने काढला.

दुसरा प्रसंग लाहोरच्या जातपात तोडक मंडळाचा. मंडळाने १९३६ च्या आपल्या परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना देऊ केले. त्यांनी भाषण लिहून छापून घेतले. ते वाचल्यावर मंडळाचे लोक घाबरले. जातिभेदाचा पाया धर्मशास्त्रांत आहे, तो पाया उखडल्याशिवाय जात जाणार नाही, हा त्यातील विचार त्यांना पेलवेना. काही भाग गाळावा अशी त्यांनी विनंती केली. बाबासाहेबांनी कळविले की, एक स्वल्पविरामदेखील बदलणार नाही. परिषद रद्द झाली. तेव्हा न बोललेले ते भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने, मंडळाशी झालेल्या पत्रव्यवहारासह मे १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. पुढल्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, आणि तीत गांधीजींनी केलेली टीकाही बाबासाहेबांनी आपल्या उत्तरासह छापली.

माणूस तोच आहे. १९२३ साली त्याने सबंध प्रबंध पुन्हा लिहिला. १९३६ साली एक विरामचिन्ह हलविले नाही. यात विसंगती आहे काय? मुळीच नाही. पहिल्या वेळी परीक्षण करण्याचा अधिकार परीक्षकांकडे होता, आणि निष्कर्ष न सोडता मांडणी बदलणे शक्य होते. दुसऱ्या वेळी मागणी मांडणीची नव्हती. सत्यच गाळा, अशी ती मागणी होती. बदल करावयास सांगितले की आपणही हेच विचारावे : मी हे कसे सांगितले याला आक्षेप आहे, की मी काय सांगितले याला? ‘कसे’ याला आक्षेप असेल तर मान खाली घालून पुन्हा लिहावयास बसावे. त्यात अपमान नाही. ‘काय’ याला आक्षेप असेल तर मान वर ठेवून दुसरा मार्ग शोधावा.

एक अवघड जागा येथे आहे, तीही सांगतो. आपल्या घरातील, वस्तीतील बोली लिहिली म्हणून ‘भाषा अशुद्ध आहे’ असा शेरा येतो. अशा वेळी शुद्धलेखनातील चूक आणि बोलीतील शब्द यांत फरक करा. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर ते सुधारा. तेथे अभिमान धरण्यासारखे काही नाही. पण आजीच्या तोंडचा शब्द बदलून त्या जागी पुस्तकी शब्द घाला, असे कोणी म्हणत असेल, तर तो आक्षेप ‘काय’ या सदरात मोडतो. आजीने जे सोसले ते तिच्याच शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

दार मुळीच उघडत नाही तेव्हा

काही दारे लेखनाचा गुणदोष न पाहताच बंद होतात, हेही आपण डोळे झाकून नाकारू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अज्ञानी शूद्र कुटुंबास जोशी कसा लुबाडतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. ते त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे ते नामंजूर झाले. ते छापून येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. १९२० सालच्या ३१ जानेवारीस ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही.

या दोघांनी पुढे काय केले ते पाहा. नाटक नाकारले गेले म्हणून जोतीरावांची लेखणी थांबली नाही. १८६९ साली शिवाजी महाराजांवरील पोवाडा आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ याच लेखणीतून उतरली. बाबासाहेबांनी ‘मूकनायका’नंतर १९२७ त ‘बहिष्कृत भारत’, १९३० त ‘जनता’ आणि १९५६ त ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रे उभी केली. त्यांच्या मागून आलेल्या पिढीने तोच धडा गिरविला. १९५८ साली मुंबईत दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले व अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. पुढल्या दशकात औरंगाबादच्या नागसेनवनातील वातावरणात डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवून कित्येक नव्या लेखकांचे पहिले अक्षर छापले. प्रस्थापित अंकांनी जे घेतले नाही त्यासाठी आपल्या लोकांनी स्वतःची पाने तयार केली, आणि कालांतराने त्याच लेखकांकडे प्रस्थापित अंक लेखन मागू लागले.

तरीही सावध राहा. आपल्या माणसाचे पत्र म्हणजे नकार मिळणारच नाही असे ठिकाण नव्हे. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे सत्यशोधकांच्याच ‘दीनबंधु’ने छापली आणि पुढली छापली नाहीत, जोतीरावांना त्याचा संताप आला. आपल्या पत्राची पाने मोजकी असतात, आणि आपला संपादक आपल्यास परत पाठवितो तेव्हा बहुधा तो आपल्याकडून अधिक चांगल्याची अपेक्षा करीत असतो. दुसरे असे की, प्रत्येक नकारामागे जातच आहे असे धरून चालणे हेही एक बंधन आहे. ज्याला आपल्या लेखनात दोष असू शकतो असे वाटतच नाही, त्याचे लेखन कधी सुधारत नाही. जात कारण असेल तेथे ती निर्भयपणे दाखवावी. पण तिचे नाव आपल्या आळसावर पांघरूण घालण्यासाठी वापरू नये. तो आपल्या पूर्वजांच्या दुःखाचा अपमान होईल.

धम्म काय सांगतो

तथागतांनी लाभ आणि अलाभ, यश आणि अयश, निंदा आणि प्रशंसा, सुख आणि दुःख हे आठ लोकधर्म सांगितले. जगात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्यास ते येतात. अडाण्याच्या येतात, तसेच ज्ञानी माणसाच्याही येतात. फरक इतकाच की, ज्ञानी मनुष्य त्यांच्याबरोबर वाहत जात नाही. छापून आले म्हणजे मी मोठा, परत आले म्हणजे मी हीन, असे ज्याचे मन हेलकावे खाते त्याने दोन्ही वेळी स्वतःची दोरी दुसऱ्याच्या हाती दिलेली असते.

अक्कोसक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने भगवंतांना शिव्या दिल्या, ती कथा पुष्कळांनी विहारात ऐकली असेल. भगवंतांनी त्याला विचारले की, तुझ्या घरी पाहुणे आले आणि त्यांनी तू वाढलेले अन्न घेतले नाही, तर ते कोणाचे राहते? तो म्हणाला, माझेच. तेव्हा भगवंत म्हणाले की, तुझ्या या शिव्या आम्ही घेत नाही. त्या तुझ्याकडेच राहतात. नकाराबरोबर कोणी कुत्सित शेरा पाठविला तर त्यातील उपयोगी सूचना घ्यावी आणि कुत्सितपणा त्याचा त्यास ठेवावा.

बावीस प्रतिज्ञांत आपण दहा पारमिता पाळण्याचे वचन दिले आहे. त्यांत क्षांती आहे आणि वीर्यही आहे. क्षांती म्हणजे सहनशीलता, वीर्य म्हणजे अखंड प्रयत्न. या दोन्ही एकत्र लागतात. नुसती क्षांती असेल तर मनुष्य नकार सोसून स्वस्थ बसतो. नुसते वीर्य असेल तर चिडून धडका देतो. शांतपणे पुन्हा लिहावयास बसणे यात दोन्ही पारमिता आल्या. आशावादी वृत्ती म्हणून जिला म्हणतात ती माझ्या मते हीच. उद्या नक्की छापून येईल अशी स्वतःची समजूत घालणे म्हणजे आशावाद नव्हे. छापून येवो वा न येवो, उद्याचे पान आजच्यापेक्षा बरे लिहीन, या निश्चयास मी आशावाद म्हणतो.

घराने काय करावे

हा लेख मुख्यतः घरांसाठी आहे, म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. लेखन पाठविण्यापूर्वी त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. एका वहीत काय पाठविले, कोणास, कोणत्या तारखेस, उत्तर काय आले, याची नोंद करावी. नोंद असली की नकार ही मनातली जखम न राहता वहीतील एक ओळ होते, आणि पुढे कोठे पाठवावे हे त्या ओळीखाली लिहिता येते. आलेले प्रत्येक पत्र जपून ठेवावे. बाबासाहेबांनी लाहोरचा पत्रव्यवहार जपला म्हणून तो आज इतिहास झाला आहे. परत आलेला लेख आठ-पंधरा दिवस बाजूस ठेवून मग दुसऱ्याचा म्हणून वाचावा.

हेही ध्यानात असू द्या की, लेख परत आला तरी त्यावरील तुमचा हक्क परत करावा लागत नाही. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाप्रमाणे लेखनाचा हक्क ते लिहिले गेले तेव्हाच लेखकाचा होतो. त्यासाठी छापून येण्याची किंवा नोंदणी करण्याची अट नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ज्या समाजास शतकानुशतके मालमत्ता बाळगण्याचा अधिकार नव्हता, त्या समाजातील मुलीच्या वहीतील कविता ही कायद्याने तिची मालमत्ता आहे. संपादकाच्या नकाराने तिची मालकी जात नाही.

आईबापांनी इतकेच करावे : मूल लिहीत असेल तर त्यास एक कोपरा आणि एक तास द्यावा, परत आलेल्या पाकिटावरून टोमणा मारू नये, आणि त्याने लिहिलेले एकदा तरी मोठ्याने वाचून घ्यावे. घरात अक्षरओळख नसलेली आजी असेल तर तिलाही ऐकवावे. कोठे कंटाळा येतो आणि कोठे डोळे भरतात, हे तिच्याइतके चांगले कोणी सांगणार नाही. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आपल्या विहारांत ग्रंथवाचन चालते. ते संपल्यावर दहा मिनिटे वस्तीतील एखाद्या तरुणास किंवा तरुणीस आपले लेखन वाचू द्यावे. ज्याचे लिहिलेले वस्तीने बसून ऐकले आहे, त्याचे मन एका चिठ्ठीने मोडत नाही.

आणि त्या विहारात जो ग्रंथ वाचला जातो त्याचीही हकीगत ऐका. सप्टेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या आपल्या इंग्रजी ग्रंथाविषयी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त सरकारने त्याच्या पाचशे प्रती विकत घ्याव्यात, एवढीच त्यांची विनंती होती. ती मान्य झाली नाही. जयंतीच्या वेळी दिल्लीत ग्रंथ विक्रीस ठेवावा, असे उत्तर आले. पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ छापून आला तो १९५७ साली. तो पाहण्यास ते नव्हते. पाचशे प्रतींचे गिऱ्हाईक न मिळालेला तो ग्रंथ आज खेड्यापाड्यांतील विहारांत पाटावर पांढरे वस्त्र अंथरून ठेवला जातो, आणि तुमची मुले त्यातून वाचावयास शिकतात.

तेव्हा यापुढे घरात पाकीट परत आले तर ते उघडा, पत्र नीट वाचा, वहीत तारीख घाला, आणि मुलाला विचारा की, आता हे पुढे कोणाकडे पाठवावयाचे.

जय भीम.